जॅमरूममध्ये दणका, रेकॉर्डिंगमध्ये गाळ: ग्रंज बँडच्या पहिल्या ईपीसाठी काय सुधारावं?

अंबरनाथ_फास्ट:
चौघांचा बँड आहे. दोन गिटार, बेस, ड्रम्स. गाणी मराठीत, आवाज नव्वदच्या सिअॅटलचा, सगळं ड्रॉप डीमध्ये, म्हणजे सर्वांत जाड तार ईवरून डीला उतरवून. एका गिटारला डीएस-वन, दुसरीला बिग मफ, ही दोन्ही डिस्टॉर्शनची पेडल्स, आणि दोन्हींच्या गेनचं बटण घड्याळातल्या तीनवर. जॅमरूममध्ये दणदणीत वाजतं, पण रेकॉर्ड केलं की गिटार आणि बेस मिळून नुसता गाळ होतो आणि शब्द बुडतात. पाच गाणी करायची आहेत, स्टुडिओचे दोनच दिवस परवडतील. सुरुवात कुठून करू?

मिड्स_वाचवा:
पेडलपासून. बिग मफ मिड्स, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सी, खातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण डीएस-वनचं टोन सर्किटही त्याच जातीचं आहे. म्हणजे तुमच्या दोन्ही गिटारला एकाच जागी खड्डा आहे, आणि उरलेला लो एंड दोघी मिळून बेसच्या अंगावर टाकतायत. एक गिटार मफवरच ठेवा. दुसरीला ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह द्या, त्याचा उंचवटा साधारण ७०० हर्ट्झला असतो, म्हणजे नेमका खड्ड्यात बसतो. नवं पेडल घ्यायचं नसेल तर निदान अॅम्पचे मिड्स दोन वाजेपर्यंत चढवा. एकट्याने वाजवताना आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल. वाटू दे, बँडमध्ये तोच ऐकू येतो.

गेन दोघांनीही अकरा वाजेपर्यंत उतरवा. डिस्टॉर्शन सिग्नल दाबतं; जास्त झालं की पिकचा ठोकाच जातो आणि रिफ सपाट होतो. वजन हवंय ना? मग तोच भाग दोनदा खरोखर वाजवा, एक टेक पूर्ण डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मोनोच राहतो.

मिक्समध्ये गिटार ९० हर्ट्झखाली कापा. ड्रॉप डीची जाड तार ७३ हर्ट्झवर असते, म्हणून लोक घाबरतात. पण ती जागा बेसची आणि किकची आहे, गिटारची ओळख वरच्या हार्मोनिक्समधून लागते.

तारा कुठल्या गेजच्या, म्हणजे किती जाडीच्या आहेत?

अंबरनाथ_फास्ट:
दोघांकडेही ९-४२, सर्वांत बारीक तार ९ आणि सर्वांत जाड ४२.

मिड्स_वाचवा:
अर्धा गाळ तिथेच आहे. ४२ची तार डीला उतरवली की लोंबते. जोरात मारली की पहिला क्षणभर सूर वर चढतो, मग खाली येतो. दोन गिटार हे वेगवेगळ्या जोराने करतात आणि बेसशी कुणाचाच सूर जुळत नाही. १०-५२चा सेट लावा. मग इंटोनेशन बघा: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे घ्या. तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बदला, त्याच सकाळी नको, ताणून बसायला वेळ लागतो. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत त्या दोन आठवड्यांत काळ्या पडतात.

परळ_ड्रम्स:
दोन दिवस असतील तर पहिला दिवस पूर्ण ड्रम्स आणि बेसला द्या. स्नेअर आणि टॉम्सची वरची कातडी नवी हवी, जुन्या कातडीचा आवाज कुठल्याही माइकने सुधारत नाही. दोन ओव्हरहेड, म्हणजे ड्रम्सच्या वरचे माइक, लावताना स्नेअरच्या मधोमध सुतळीचं टोक धरा आणि दोन्ही माइक त्याच लांबीवर आणा. अंतर वेगळं पडलं तर फेज बिघडते, स्नेअर पोकळ वाजतो आणि वाटतं ड्रमच खराब आहे.

क्लिक (मेट्रोनोम) वापरा, पण कोरसला २-३ बीपीएम वाढवून टेम्पो मॅप आधीच करून न्या. आणि व्हर्स खरंच दबक्या आवाजात वाजवा! या संगीताचा धक्का फरकातून येतो, व्हर्सही मोठा असेल तर कोरसला जायला जागाच नाही. व्हर्समध्ये एक गिटार पूर्ण बंद ठेवली की शब्दही आपोआप वर येतात.

निर्वाणाच्या पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगचा खर्च कव्हरच्या मागच्या बाजूला ६०० डॉलर असा छापलाय. इतक्या थोडक्यात झालं कारण गाणी वाजवून वाजवून पाठ होती. स्टुडिओत अरेंजमेंट ठरवायला बसू नका.

धोबीतलाव_बॅकलाइन:
ईपी झाल्यावर गिग्जचं. आजही कुणी जुना माणूस मुंबईतल्या रंगभवन या उघड्या रंगमंचाची आठवण काढतोच. १९८६मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव तिथेच सुरू झाला आणि पुढे शांतता क्षेत्रामुळे तिथले कार्यक्रम थांबले. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद, म्हणून कॉलेज फेस्टमध्ये सेट उशिरा सुरू झाला तर तुमचीच गाणी कापली जातात. ३० मिनिटांत सहा गाणी बसवा, सर्वांत महत्त्वाचं तिसरं ठेवा, शेवटचं नको. आयआयटी बॉम्बेच्या डिसेंबरमधल्या मूड इंडिगो फेस्टिव्हलमधल्या बँड स्पर्धेसाठी अर्ज करताना रेकॉर्डिंग तयार हवं.

ड्रम किट आणि अॅम्प जागेवर असतात. तुम्ही फक्त ब्रेकेबल्स न्या: स्नेअर, सिंबल्स, किक पेडल. एवढं गर्दी टाळून लोकलच्या लगेज डब्यातून जातं. स्टेज प्लॉट (कोण कुठे उभं राहणार) आणि इनपुट लिस्ट (किती माइक-लाइन लागणार) दोन दिवस आधी साउंड इंजिनिअरला पाठवा. पेडल्सना एकच अॅडॉप्टर साखळीने जोडलाय का? स्टेजवरची गुणगुण बहुधा तिथूनच येते, प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा आयसोलेटेड सप्लाय घ्या.

गाण्याचे हक्क कुणाचे किती टक्के, हे चौघांनी सही करून आत्ताच कागदावर घ्या, स्टुडिओला जायच्या आधी. गीतकार आणि संगीतकार आयपीआरएसचे (त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद झाले तर रॉयल्टी थेट त्यांच्याकडे येते. आणि स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी ते तिथे पोचलेलं हवं, म्हणून डिस्ट्रिब्युटरकडे मास्टर चार आठवडे आधी द्या.

अंबरनाथ_फास्ट:
१०-५२ आजच आणतोय. डीएस-वन लगेच विकू की आधी मिड्स चढवून बघू?

मिड्स_वाचवा:
आधी मिड्स. आणि डीएस-वनचा टोन बाराच्या खाली ठेवा, त्याच्या वर तो किरकिरतो.