लोकल की रिजनल? अमेरिकेतील नव्या ट्रकचालकाने पहिली नोकरी कोणती घ्यावी?

धागाकर्ता:
अमेरिकेत ‘क्लास ए’ परवाना, म्हणजे ट्रेलर ओढणारा जड ट्रक चालवण्याचा परवाना, मिळाला की पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच. रोज घरी परतणारी लोकल नोकरी धरावी, की काही राज्यांच्या टापूत आठवडाभर फिरून सुट्टीपुरते घरी येणारी रिजनल धरावी? संसारी माणसाने लोकलच घ्यावी असे सरसकट सांगितले जाते आणि ते मला पटत नाही. पहिले वर्ष-दीड वर्ष रिजनलमध्येच काढावे, असे माझे ठाम मत आहे.

‘रोज घरी’ या शब्दांमागचे तास आधी मोजावेत. संघीय नियमानुसार सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर कामाची १४ तासांची मुदत सुरू होते आणि तिच्यात जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. लोकल चालकाला बहुधा या मर्यादेच्या जवळपास राबवले जाते. त्याने १३ तास काम केले आणि जाण्यायेण्यात दोन तास गेले, तर आंघोळ, जेवण, मुले आणि झोप या सगळ्यांसाठी नऊच तास उरतात. शिवाय चांगल्या पाळ्या ज्येष्ठतेनुसार वाटल्या जातात, त्यामुळे नवख्याच्या वाट्याला पहाटे दोनची हजेरी किंवा ऐन वेळी बोलावणे येते. मुले जागी असताना तो झोपलेला असतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. शहरातल्या लोकल फेरीत अरुंद गल्ल्या असतात आणि दिवसातून अनेकदा अवघड डॉकला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला, ट्रेलर मागे घ्यावा लागतो. नवशिक्याचे बहुतेक ओरखडे आणि टकरी अशाच ठिकाणी होतात, आणि त्यांची नोंद पुढच्या नोकरीच्या वेळी आडवी येते. रिजनलमध्ये दिवसाला एक-दोनच डॉक लागतात आणि घाट, बर्फ, वजनकाटे, वेळेचे नियोजन हे सारे सवडीने शिकता येते.

प्रतिसाद १:
तीव्र असहमत. आपण लोकल चालकाचे तास मोजलेत, मग रिजनल चालकाचेही मोजावेत. समजा मैलाला ६० सेंट मिळतात आणि आठवड्यात २,२०० मैल झाले, तर हातात १,३२० डॉलर आले. लोकलमध्ये तासाला २६ डॉलरने ५५ तास भरले, तर १,४३० डॉलर होतात. त्या रिजनल चालकाने त्यासाठी पाच रात्री घराबाहेर काढलेल्या असतात आणि त्या रात्रींचे त्याला काहीच मिळत नाही. अनेक कंपन्या प्रत्यक्ष धावलेले मैलही न धरता ठरावीक तक्त्यातले, म्हणजे साधारणपणे कमीच भरणारे, मैल धरतात. गोदामात माल उतरवायला चार तास लागले, तर पहिले दोन तास बहुतेक ठिकाणी फुकट जातात. त्यानंतरची भरपाई चालकापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. तासाच्या पगारात असा खोळंबा मालकाच्या खर्चात पडतो, म्हणून तो टाळण्याची काळजीही मालकच घेतो.

शिवाय रात्री गाडी लावायची कुठे? मार्च २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग हा चालक दक्षिण कॅरोलायनात माल पोहोचवण्याच्या वेळेपूर्वी पोहोचला, सुरक्षित थांबा नसल्यामुळे एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला आणि तिथेच त्याचा खून झाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०१२ मध्ये झाला, तरी थांब्यांची टंचाई संपलेली नाही. संध्याकाळनंतर जागा शोधत फिरण्यात रिजनल चालकाचा मोलाचा वेळ जातो, आणि कामाच्या तासांची आपोआप नोंद ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक लॉगमुळे १४ तासांचे घड्याळ तर थांबत नाही.

प्रतिसाद २:
मजुरीचे गणित बरोबर असले तरी ते अर्धेच आहे. उपाहारगृहांना माल पुरवणाऱ्या लोकल गाड्यांवर चालकालाच हातगाडीने, उतरत्या फळीवरून, खोकी उतरवावी लागतात. पगार चांगला असतो. गुडघे आणि पाठ मात्र त्याची किंमत मोजतात. पन्नाशीतल्या माणसाला हे काम झेपेल का, याचा विचार आधी व्हावा.

धागाकर्ता:
खोळंब्याबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. रिजनल कामाची ती सर्वांत मोठी खोट आहे. मात्र लोकलच्या ओव्हरटाइमवर कोणी डोळे झाकून विसंबू नये. १९३८ च्या संघीय श्रम कायद्यातील दीडपट मजुरीची तरतूद आंतरराज्य मालवाहतुकीतील जड गाड्यांच्या बहुतेक चालकांना लागू नाही. ती मिळते तेव्हा कंपनीच्या, युनियनच्या करारामुळे किंवा राज्याच्या नियमामुळे मिळते. थांब्याच्या बाबतीत म्हणाल तर चांगल्या रिजनल कंपन्या आपल्या आगारांत किंवा ठरलेल्या ग्राहकाच्या आवारात गाडी लावू देतात, आणि नोकरी निवडताना हे विचारलेच पाहिजे.

प्रतिसाद ३:
मी लोकलच्याच बाजूने आहे, पण कारण वेगळे आहे. मूळ ठिकाणापासून सरळ रेषेत १५० हवाई मैलांच्या (हवाई मैल म्हणजे सागरी मैल), म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरच्या, आत राहून १४ तासांत परत येणाऱ्या चालकाला तपशीलवार लॉग ठेवण्यातून सूट आहे. २०२० पूर्वी मालवाहू चालकांपैकी बहुतेकांसाठी हे अंतर १०० हवाई मैल होते. या बदलामुळे पूर्वी रिजनल गणल्या जाणाऱ्या काही फेऱ्या आता लोकल म्हणून करता येतात. त्यामुळे महामार्गाचा सराव मिळावा म्हणून आठवडाभर बाहेर राहिलेच पाहिजे, हा धागाकर्त्यांचा मुद्दा टिकत नाही. दोन आगारांदरम्यान रात्री ट्रेलर नेणाऱ्या नोकऱ्याही आहेत. त्यांत लांबचा रस्ता मिळतो, डॉक जवळजवळ नसतो आणि सकाळी घरी परतता येते.

धागाकर्ता:
रात्रीच्या त्या नोकऱ्या उत्तम आहेत, पण बऱ्याच कंपन्या त्यांसाठी आधीचा अनुभव आणि दुहेरी ट्रेलर ओढण्याची परवान्यावरील वेगळी नोंद मागतात. तो अनुभव नवख्याला रिजनलमध्ये सहज मिळतो, म्हणून माझे मत मी बदलत नाही. जवळच्या एखाद्या आगारात नवख्यालाच अशी फेरी आणि प्रशिक्षकासोबत पुरेसे आठवडे देत असतील, तर मात्र त्याने ती नोकरी आधी घ्यावी.