रिलक्टन्स मोटर: अनिच्छा, रोध की आणखी काही?

प्रश्नकर्ता: कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात पंपांना सिंक्रोनस रिलक्टन्स मोटरी बसवल्यात. मेंटेनन्सच्या पोरांसाठी मराठीत चार पानं लिहायला घेतली आणि मथळ्यातच अडकलो. इंग्रजीत रिलक्टन्स म्हणजे अनिच्छा आणि मोटर म्हणजे चलित्र, म्हणून 'समकालिक अनिच्छा चलित्राचे भाकीत-नियंत्रण' असं लिहिलं होतं. फोरमननी वाचून विचारलं, "सर, मोटरीला फिरायची इच्छा नाही, असं का?" काय लिहू?

लेथवाला, उद्यमनगर: अनिच्छा नकोच. या मोटरीच्या रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, चुंबक नाही, तारेचं वाइंडिंग नाही. नुसत्या कापलेल्या पोलादी पत्र्यांच्या थप्प्या, त्यात हवेच्या फटी कापलेल्या. चुंबकीय रेषांना पोलादातनं वाट सोपी, फटीतनं अवघड. जिकडं अडथळा कमी पडेल तिकडं रोटर वळतो. अडथळा रेषांच्या वाटेत आहे, मोटरीच्या मनात नाही.

शब्दवेडा: मग 'चुंबकीय रोध'. विजेला रोध, चुंबकाला चुंबकीय रोध, जोडी जुळते. रिलक्टन्स हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडनं १८८८ मध्ये रूढ केला. मुळातलं लॅटिन 'लुक्तारी' म्हणजे कुस्ती खेळणं, झुंजणं. अनिच्छा हा मागाहून चिकटलेला अर्थ.

पंचगंगाकाठ: म्हणजे शब्द आखाड्यातला निघाला! आमचे आजोबा गंगावेशीत तालमीला जायचे. पाय रोवून उभ्या राहिलेल्या गड्याला 'अटकाव धरून उभा आहे' म्हणायचे. 'चुंबकीय अटकाव' का नको?

शब्दवेडा: अटकाव बाहेरून घालतात. हा गुण वस्तूच्या अंगचा आहे.

पंचगंगाकाठ: बरं. पण 'भाकीत' तरी काढा, ते ज्योतिष्याचं वाटतं. हे नियंत्रण काय करतं? दर क्षणी करंट मोजतं. मोटरीला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरच्या स्विचांच्या जोडण्या आठ, त्यातून व्होल्टेज वेगळे सातच. प्रत्येकानं पुढच्या क्षणी करंट कुठं जाईल ते मांडतं, हव्या करंटच्या सगळ्यांत जवळ नेणारा निवडतं, आणि पुढच्या क्षणी पुन्हा पहिल्यापासनं. याला 'आडाखा' म्हणतात. २०१९ च्या पुरात वडील दर तासाला भिंतीवर खडूनं रेघ मारायचे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते ऐकायचे आणि पुढच्या तासाचा आडाखा बांधायचे. रात्री दोनला आडाखा बदलला, तसं धान्याचं पोतं माळ्यावर चढवलं.

शब्दवेडा: घरात ठीक. शास्त्रात 'पूर्वानुमान' हवं. आडाखा चुकू शकतो.

लेथवाला, उद्यमनगर: इथंही चुकतो की! करंट वाढला की पोलाद सॅच्युरेट होतं, म्हणजे चुंबकीय रेषांनी भरून जातं, आणि इंडक्टन्स, म्हणजे करंटमागं किती चुंबकत्व तयार होतं ते माप, घसरतो. मांडणीत एकच ठरलेला आकडा ठेवला तर हिशेब हुकतो, टॉर्कला, म्हणजे फिरवणाऱ्या जोराला, हिसके बसतात. आम्ही सरळ 'अंदाज' म्हणतो.

शब्दवेडा: अंदाज फारसी आहे.

पंचगंगाकाठ: 'होरा' ग्रीकातनं आला, तो पंचांगात चालतो. फारसीवरच राग का?

शब्दवेडा: राग नाही. 'पूर्वानुमान'वरून पूर्वानुमानित, पूर्वानुमानक्षम असे शब्द घडतात. 'अंदाज'वरून काय घडवाल?

लेथवाला, उद्यमनगर: अंदाजे, अंदाजपत्रक, अंदाजपंचे.

प्रश्नकर्ता: पानं सोमवारी छापायला जातात. 'रिलक्टन्स मोटर' तसंच ठेवतो, पुढं 'आडाखा'. 'चलित्र' खोडलं.

शब्दवेडा: 'चलित्र' का खोडलं? त्यावर तर कुणाची हरकतच नव्हती.