पर्यटक आले, गावातलं काय बदललं? (अनुभव धागा)

सागरगोटा: काल मालवणजवळच्या देवबागच्या रापणीचा (किनाऱ्यावरून दोर ओढून मोठं जाळं वर घ्यायची मासेमारी) व्हिडिओ बघितला आणि आजोळ आठवलं. पहाटे हाळी आली की मामा आम्हा पोरांनाही किनाऱ्यावर न्यायचा. मोठी माणसं दोर ओढताना पार मागे झुकलेली, मधे आम्ही लोंबकळतोय. जाळं वर आलं की आमच्या परकराच्या ओच्यातही पेडवे (छोटे मासे) पडायचे. दोराला हात लावला की वाटा मिळायचाच, पोर असो की परका. यंदा मे महिन्यात गेले तर ओढायला माणसं कमी आणि भोवती मोबाइल जास्त. एकाने तर मासळीवर पाय देऊन फोटो काढला. मामा काही बोलला नाही, नुसता जाळं झटकत राहिला. गावची पोरं स्कुबाच्या बोटींवर असतात, त्यांना नावं ठेवणार नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, पोरांचं मुंबईला जाणं टळलं, हे खरंच आहे. तरी त्या पायाचं अजून मनातून जात नाही. तुमच्याकडचं लिहा.

कुडाळकर: गो बाय, मामा खयच्या वाडयेत?

रातराणी: दशावतार! आमच्या जत्रेत मध्यरात्री उभा राहायचा तो उजाडेपर्यंत. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, वेद पळवणारा राक्षस शंकासुर, मग आख्यान. रिसॉर्टवर पाऊण तासात गुंडाळला, शंकासुर नाहीच. संवाद लिहिलेले नसतात, समोरच्याच्या बोलण्यावर नट रंगत जातो. पाऊण तासात काय रंगणार? पण राजा झालेले काका म्हणाले, पावसाळ्यात खेळ बंद असतात तेव्हा हेच पैसे घरात येतात. गप्प बसले मी.

चिंचपाणी: जव्हारकडे सात वर्षं शिक्षिका होते. वारली लग्नात देवचौक (भिंतीवरचं लग्नाचं चित्र) सवाशिणी लिहितात, तांदळाच्या पिठाने, मधे पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न लागत नाही. एका होमस्टेवाल्याने तोच चौक जेवणाच्या खोलीत काढून मागितला. म्हातारीने नाचणारी माणसं, तारपा वाद्य, झाडं सगळं काढून दिलं. चौक नाही म्हणजे नाही. (कुकरची शिट्टी झाली, नंतर येते)

पेडण्याचो: गोव्यातल्या सांजांवाच्या सणाला (२४ जून) आम्ही डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून गावच्या विहिरीत उड्या मारायचो, नवा जावई सगळ्यांत पुढे. आता हॉटेलात तिकीट काढून तरणतलावात मारतात. जावई कुठाय त्यात?

भंडारदऱ्याची सून: काजवे! सासूबाई म्हणायच्या, हिरडा-सादड्याची झाडं लुकलुकली की पाऊस दाराशी आला, भाताचं बी काढा. आता त्या दिवसांत गाड्यांचे दिवे आणि बॅटऱ्या, काजवा काजव्याला दिसणार कसा? पाहुण्यांनो, दिवे विझवा, हात जोडते.

नवखा: देवबागला चांगला होमस्टे आहे का? दिवाळीत चौघं जण.

कुडाळकर: @नवखा मेसेज करा. आणि पहाटे रापण लागली तर दोर धरा, फोटो मागाहून.

सागरगोटा: @कुडाळकर मोबारवाडी. मामाला आत्ताच फोन केला, गुडघे दुखतायत म्हणाला, तरी पहाटे जातोच.

रातराणी: गुडघ्यांना निर्गुडीचा पाला शेकायला सांग गं.