लठ्ठे कोण होते?

सी-३०२: नमस्कार मंडळी. लेकीला शाळेत पाच मिनिटं बोलायचं आहे. विषय 'आपल्या भागातील वकील आणि राजकारणी'. आठवी आहे. कुणाला घ्यावं?

बी-२०१: वहिनी, एन. डी. पाटील सर! कोल्हापूरच्या टोलच्या आंदोलनात आम्ही कॉलेजची पोरं त्यांच्या मागं होतो. नव्वदीकडं झुकलेला माणूस, तब्येत साथ देत नव्हती तरी मोर्च्यात पुढं. एलएलबी होते, १९७८ ला सहकारमंत्री झाले, १९८५ ला कोल्हापुरातून आमदार.

सी-३०२: माझ्याही मनात तेच होतं, पण शाळेतल्या बाईंनी स्वातंत्र्यापूर्वीचा माणूस सांगितलाय 🙏

ए-१०४ (वकीलकाका): मग अण्णासाहेब लठ्ठे. दुसरं नाव शोधू नका.

बी-२०१: काका, लठ्ठे म्हणजे सांगलीचं पॉलिटेक्निक ना?

डी-१०२: व्हय, लठ्ठे एज्युकेशन सोसायटी. माझं माहेर सांगली. कॉलेजवर रोज पाटी वाचली, पण माणूस कोण होता ते कुणी सांगितलं नाही.

ए-१०४ (वकीलकाका): सांगतो. जरा लांबेल, वाचा सगळे. अण्णा बाबाजी लठ्ठे, जन्म १८७८, कुरुंदवाड. एम.ए., एलएल.बी. राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. १८९९ मध्ये स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. दसरा चौकातल्या जैन बोर्डिंगची देखरेख त्यांच्याकडं होती. शाहू महाराजांच्या काळात बहुजनांच्या शिक्षणाचं जे काम उभं राहिलं त्यातला हा फार महत्त्वाचा माणूस. पण माझ्या मते त्यांची खरी गोष्ट १९१४ पासून सुरू होते.

सी-३०२: सांगा काका, ती शेजारी बसून लिहून घेतीय.

ए-१०४ (वकीलकाका): कोल्हापुरात इंग्रज बादशहाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. तो काळ बघा, एवढ्यानं माणूस देशोधडीला लागायचा. संशय लठ्ठ्यांवर घातला. आरोप टिकवायला साक्षीदार पाहिजे. म्हणून कुंभोजच्या एका तरुणाला धरलं. लठ्ठ्यांच्या विरुद्ध खोटी साक्ष दे म्हणून छळ केला. त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही. तो तरुण म्हणजे भाऊराव पाटील, आपले कर्मवीर.

बी-२०१: काय सांगताय! रयतचे कर्मवीर? मी रयतच्या शाळेत शिकलो, हे कधी ऐकलं नव्हतं.

ए-३०१ (बाई): भाऊराव त्याच जैन बोर्डिंगचे विद्यार्थी. आणि तिथून त्यांना काढलं होतं. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं, त्या कार्यक्रमाला ते गेले. परत आल्यावर 'आंघोळ करून, कपडे बदलून मग आत ये' म्हणाले. भाऊरावांनी ऐकलं नाही. त्यांना घालवणारे अधीक्षक लठ्ठेच होते.

डी-१०२: अरे देवा. बाई, मग हे मुलीनं भाषणात नको बोलायला. चांगल्या माणसाचा कमीपणा कशाला? पाच मिनिटांत मोठेपण सांगावं.

ए-१०४ (वकीलकाका): नाही ओ वहिनी, हेच तर सांगायला पाहिजे. तिथं लठ्ठे चुकले, साफ चुकले. सुधारकाच्या घरातही सोवळं शिल्लक होतं. पण ज्यानं आपल्याला बाहेर काढलं त्याच्याविरुद्ध खोटं बोलायची आयती संधी भाऊरावांपुढं होती, वर जबरदस्तीही होती, तरी ते बोलले नाहीत. बोर्डिंगचा प्रसंग गाळला तर त्या नकाराचं वजन अर्ध्यावर येतं. मी चाळीस वर्षं कोर्टात साक्षी ऐकल्या. जुना राग असलेला साक्षीदार किती सहज वाकतो ते डोळ्यांनी बघितलंय.

ए-३०१ (बाई): मी वकीलसाहेबांच्या बाजूची. आठवीतल्या मुलांना हे नीट कळतं. मी शिकवलंय.

डी-१०२: बरं, पटलं. पण मग लठ्ठ्यांचं पुढं काय झालं तेही सांगा, नाहीतर भाषण कर्मवीरांचंच व्हायचं.

ए-१०४ (वकीलकाका): बरोबर आहे. लठ्ठ्यांनी कोल्हापूर सोडलं, बेळगावला जाऊन वकिली केली. ब्राह्मणेतर चळवळीत राहिले, मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. शाहू महाराज १९२२ ला वारले. ज्या संस्थानातून असं निघावं लागलं, त्याच संस्थानच्या राजाचं इंग्रजी चरित्र लठ्ठ्यांनी लिहिलं. दोन खंड, १९२४. शाहू महाराजांवर अभ्यास करणारा आजही ते उघडल्याशिवाय पुढं जात नाही. मग १९२६ ला राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते कोल्हापूरचे दिवाण होऊन परत आले. ज्या गावानं संशयित ठरवलं, त्याच गावाचा कारभार हातात.

बी-२०१: याच्यावर सिनेमा निघायला पाहिजे.

सी-३०२: आणि राजकारण? मंत्री वगैरे होते का?

ए-१०४ (वकीलकाका): १९३७ ला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, त्यात अर्थमंत्री. दारूबंदी आणायची ठरली, म्हणजे अबकारीचं, दारूवरच्या कराचं, उत्पन्न जाणार. ती तूट भरायला त्यांनी १९३९ ला शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसवला. मुंबईचे घरमालक खवळले, प्रकरण हायकोर्टात गेलं, कर टिकला. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. नोव्हेंबरात युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तिथं ते पर्व संपलं. १९५० ला वारले.

बी-२०१: म्हणजे घरफाळ्यासारखंच की. आपण दरवर्षी घरफाळ्यावरून इथं भांडतो.

ए-१०४ (वकीलकाका): तसंच काहीसं, पण तो प्रांत सरकारचा कर, महापालिकेचा नव्हे. मुलीला तेवढा फरक सांगा. पैसा कुठून येणार हे आधी सांगून मग दारूबंदी करणारा अर्थमंत्री मला तरी फार मोठा वाटतो.

सी-३०२: काका, ती विचारतीय, सुरुवात कुठून करू? जन्मापासून का?

ए-३०१ (बाई): जन्मापासून नको गं. डांबरापासून कर. वर्ग गप्प बसून ऐकेल.

ए-१०४ (वकीलकाका): आणि भाषणाच्या आधी एकदा दसरा चौकात जैन बोर्डिंग बघून या. उद्या रविवार आहे, मी येतो सोबत.

बी-२०१: मी पण. माझी गाडी आहे, चौघं बसतील. सकाळी आठला गेटवर?

सी-३०२: आठला चालेल. ती आत्ताच वही भरून ठेवतीय.

डी-१०२: पाचवी जागा असेल तर मलाही न्या.

बी-२०१: बसवू की वहिनी.