कॅरेक्टर म्हणजे अक्षर, वर्ण की चिन्ह?

प्रश्न, मिरजेहून: आमच्या भागातल्या स्कॅन सेंटरांसाठी डायकॉम फाइल (स्कॅनची चित्रं आणि पेशंटची माहिती ठेवायचा ठरलेला साचा) वाचणारा पार्सर, म्हणजे त्यातली माहिती सुटी करून वाचणारा प्रोग्रॅम लिहितोय. आजवर तो रोमन नावंच वाचायचा, आता देवनागरीही वाचायला शिकवतोय. सोबतची माहिती मराठीत लिहिताना 'एन्कोडिंग'ला 'कूटलेखन' आणि 'कॅरेक्टर'ला 'अक्षर' लिहिलंय. बरोबर आहे का?

सांगलीहून: 'कूटलेखन' नको. कूट म्हटलं की लपवणं आलं. वाचणाऱ्याला वाटेल, पेशंटचं नाव गुप्त केलंय. इथे तर नेमकं उलट आहे. मजकूर कसा वाचायचा हे उघड सांगायलाच (०००८,०००५) हा टॅग, म्हणजे फाइलमधला क्रमांक दिलेला रकाना असतो. त्यात 'आयएसओ_आयआर १९२' असेल तर मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याच्या एका पद्धतीत. जपानी, थाई यांना स्वतंत्र नोंदी आहेत, देवनागरीला नाही. म्हणून आपल्याला हीच सोयीची. 'संकेतन' लिहा.

'अक्षर' मात्र खरोखर घात करेल. 'क्षीरसागर' हे आडनाव घ्या. अक्षरं ५: क्षी, र, सा, ग, र. व्याकरणातले वर्ण मोजले तर ११. युनिकोडमध्ये क, हलन्ताची खूण, ष, दीर्घ वेलांटी असं सुटं मोजत गेलं की ९. आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे ३, म्हणजे २७ बाइट. डायकॉममध्ये नावाच्या एका गटाला ६४ ची मर्यादा आहे, ती या ९ च्या हिशोबाची. म्हणजे ना अक्षर, ना वर्ण.

मिरजेहून: आता कळलं! माझा कोड ६४ बाइटवर नाव तोडत होता. २१ खुणा पूर्ण बसायच्या आणि बाविसावीचा एकच बाइट उरायचा. लांब नावांच्या शेवटी चौकोन का दिसतो, हे शोधण्यात दोन दिवस गेले. टॅग नसलेल्या फाइली मी लॅटिन-१ (एका बाइटला एक रोमन खूण मानणारी जुनी पद्धत) धरून वाचत होतो, तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए क्षीरसागरांच्या नावात नऊ वेळा यायचा. तो नऊचा आकडा तेव्हाच खटकायला हवा होता.

साताऱ्याहून: 'चिन्ह' म्हणा. मी मराठी शिकवत आले आहे. वेलांटी, काना, अनुस्वार यांना मुलंही चिन्हच म्हणतात. आडनाव आणि नाव यांच्यामध्ये डायकॉम जी टोपीसारखी खूण घालतं, तिला अक्षर कसं म्हणणार? चिन्ह म्हणता येतं. मग 'कॅरेक्टर सेट'लाही 'चिन्हसंच' जुळतो.

मिरजेहून: ठीक आहे, मॅडम. संकेतन, चिन्ह, चिन्हसंच. बाइटला बाइटच ठेवतो.