जुन्या पद्मिनीला दुसऱ्या गाडीचा पत्रा लावावा का?

कुर्लेकर
एका स्नेह्यांच्या १९७४ च्या प्रीमियर पद्मिनीचे काम माझ्या देखरेखीखाली चालू आहे. रंग खरवडल्यावर दारांखालच्या सिल (सांगाड्याच्या पोकळ पट्ट्या), फ्लोअरचा पुढचा भाग आणि चारही दारांच्या खालच्या कडा गंजून गेल्याचे उघड झाले. माझे मत असे आहे की, पत्रा इतका सडलेला असताना ठिगळे जोडत बसण्यापेक्षा भंगारात निघालेल्या पद्मिनी टॅक्सीचे भाग अखंड काढून बसवावेत. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मध्ये झाली होती आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. त्याच कंपनीने त्याच घडणीत तयार केलेला पत्रा उपलब्ध असेल, तर तो वापरण्यात गाडीची प्रतारणा कसली?

जतनपक्ष
प्रतारणा नसेल, पण घाई नक्कीच आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा कल मूळ धातू शक्य तितका राखण्याकडे आहे. भाग बदलावाच लागला तर त्यावर ओळखता येईल अशी कायमची खूण ठेवावी आणि कामाची नोंद राहावी, अशी तिची अपेक्षा आहे. आपल्याकडे तर कायद्याचाही प्रश्न येतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि भरीव फेरबदल न झालेले वाहनच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची गाडी वयाच्या अटीत बसते. दारे, सिल आणि फ्लोअर तिघेही दुसऱ्या गाडीचे झाल्यावर दुसरी अट कशी पाळणार?

कुर्लेकर
त्याच आकाराचा आणि त्याच कंपनीचा भाग बसवणे हा फेरबदल नसून दुरुस्ती आहे, असे मी मानतो. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा संपूर्ण सांगाडा मूळ साच्यांवरून नव्याने काढून देते, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांना तिथले रसिक एमजीबीच म्हणतात.

जतनपक्ष
ते उदाहरण तुमच्या बाजूचे नाही. तिथे कोरा पत्रा मिळतो. इथे तुम्ही वीस वर्षे मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या टॅक्सीचा पत्रा आणणार आहात. अशा दाराला लोहचुंबक लावून पाहा. निम्म्या जागी तो चिकटणार नाही, कारण तिथे पत्रा नसून खळगे भरायची पुट्टी असते.

डेंटरचा मुलगा
दोघांच्या वादात बसवण्याचा मुद्दा राहूनच गेला आहे, आणि गाडी बिघडते ती तिथेच. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारी खालची चौकट, नाही. सांगाडाच भार उचलतो, आणि त्या भाराचा मोठा वाटा सिलवर असतो. त्यामुळे सिल कापण्यापूर्वी सांगाड्याला खालून नीट आधार द्यावा, पुढच्या आणि मधल्या पिलरमध्ये (दाराच्या दोन बाजूंच्या खांबांमध्ये) आडवी पट्टी तात्पुरती वेल्ड करावी, आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. ज्यांनी दोन्ही बाजू एकदम कापल्या, त्यांच्या गाड्या मधोमध बसलेल्या मी पाहिल्या आहेत. मग दार लागत नाही आणि दोष बिजागरीला दिला जातो. नवा सिल आधी क्लॅम्पने धरून दारे टांगावीत, सगळीकडची फट सारखी येईपर्यंत तो हलवावा, आणि मगच टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारावेत. कारखान्यात स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोके पाडून मिग वेल्डिंगने भरावीत, आणि जिथे लांब जोड आहे तिथे सलग न ओढता आखूड टाके जागा बदलत घालावेत, नाहीतर उष्णतेने पत्रा वळतो. जोडाच्या आतल्या बाजूला झिंक प्रायमर आणि शेवटी पोकळीत मेण हवेच. पाणी निघून जाण्याची भोके बुजवू नयेत. दारांच्या कडा बहुधा ती बुजल्यामुळेच गेल्या असतील.

माझ्या मते सिल आणि फ्लोअर टॅक्सीचेही नकोत आणि ठिगळाचेही नकोत. त्यांचा आकार सोपा आहे. नव्या पत्र्यातून हाताने वळवून करता येतात. दाराला वरच्या बाजूला दुहेरी वळण आहे, ते हाताने साधणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत, म्हणून मूळ दार राखून फक्त खालची पट्टी बदलावी.

गिअर हातात
पद्मिनी मूळची फियाटच, म्हणून एक टॅक्सी सगळ्या फियाटींना पुरते, या समजातून कोणी हा धागा वाचत असेल तर सावध करतो. पन्नाशीच्या दशकातल्या, ‘दुक्कर’ या टोपणनावाच्या फियाटचे पुढचे दार मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडते. तिथे पद्मिनीचे दार लागणारच नाही.

कुर्लेकर
सिलबाबत मी मत बदलतो, ते नव्या पत्र्यातूनच करून घेऊ. दारांबाबत मात्र माझी भूमिका कायम आहे. चारही दारांच्या पट्ट्या कापून जोडायच्या तर मजुरी चौपट होते आणि प्रत्येक जोड पुढे गंजाची नवी जागा ठरू शकतो. पुट्टी नसलेले दार भंगारात शोधून सापडले, तर मी तेच घेईन.

जतनपक्ष
घ्या, पण काढलेली दारे भंगारवाल्याला देऊ नका. क्रमांक घालून, तेल लावून ती गाडीच्या मालकाकडेच ठेवा, आणि कोणता भाग कुठून आला याची छायाचित्रांसह वही करा. नोंदणीच्या वेळी अधिकाऱ्याने विचारले, तर निदान उत्तर तरी हातात असेल.