तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे?

बाहेरची माणसं तपासणीला जेलात सोडली तर सिक्युरिटीचा घोळ होईल, असं एकाने लिहिलंय. नाही पटलं बुवा. मुंबईच्या आर्थर रोड जेलची मंजूर क्षमता २०२० मध्ये ८०४ होती, आत वर्षानुवर्षं त्याच्या तिप्पट-चौपट माणसं, मे २०२० मध्ये तिथे दीडशेच्या वर कैद्यांना कोरोना झाला, आता याहून मोठा घोळ काय व्हायचा राहिलाय? आणि बाहेरची माणसं ही काही नवी आयडिया नाही, सुनील बत्रा नावाच्या कैद्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७९ लाच सांगितलंय की जिल्हा न्यायाधीशांनी भेटी द्यायच्या, नेमलेल्या वकिलांना कैद्यांशी खाजगीत बोलू द्यायचं, तक्रारपेट्या ठेवायच्या.

खरी गोम तपासणीवाले आधी कळवून येतात त्यात आहे. लॉ करताना लीगल एडवाल्यांबरोबर, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्यांबरोबर, एका जिल्हा कारागृहात असंच कळवून गेलो होतो, बराकीच्या भिंतीला टेकलो तर शर्टाला ओला चुना लागला. तक्रारपेटी होती, पण कुलूप गंजून घट्ट बसलेलं आणि किल्ली कुणाकडे हे तिथल्या तिघांना विचारलं तर तिघांनी तीन नावं सांगितली. एक म्हातारा बंदी हळूच म्हणाला, साहेब उद्या या, आज भाजी चांगली आहे.